जुनी मोठी गाडी घेताना: किंमत एकदाच, डिझेल दररोज

पुणे-सोलापूर महामार्गावर टेंभुर्णीचा चौक आहे. एक रस्ता पंढरपूरला जातो, एक अकलूजला, एक करमाळ्यावरून अहिल्यानगरला, एक कुर्डुवाडीला. चारही दिशांची वाहतूक इथे एकत्र येते, आणि तिच्याबरोबर जुन्या गाड्यांचा बाजारही येतो. गॅरेजच्या दारात, ढाब्याच्या कडेला, काचेवर मोबाईल नंबर लिहिलेल्या गाड्या उभ्या असतात. बोलेरो, टवेरा, क्रूझर, इको, अधूनमधून एखादी पडदे लावलेली टेम्पो ट्रॅव्हलर. आपल्या घरांत सध्या या शेवटच्या प्रकाराचे आकर्षण वाढले आहे. आत दोन माणसे आडवी होतील, दादीला पाय पसरता येतील, मुले झोपतील, सामान बसेल आणि वाटेत कुठेही थांबता येईल, अशी गाडी. तिला कोणी कॅराव्हॅन म्हणतात, कोणी चालते-फिरते घर.

कल्पना चांगली आहे. गुलबर्ग्याला ख्वाजा बंदेनवाज यांच्या दर्ग्यावर जायचे, खुलताबादला जायचे, मुंबईत नातेवाइकांच्या घरी निकाह आहे, मुलीला पुण्याच्या वसतिगृहात सोडायचे आहे. प्रत्येक वेळी आठ-दहा माणसे, दोन गाड्या, लॉजचा खर्च, आणि बायकांना वाटेत स्वच्छ जागा मिळण्याची चिंता. स्वतःची मोठी गाडी असली तर हे सारे सोपे होते. पण अशी गाडी घेतल्यानंतर वर्षभरात ती दारात उभी राहिलेलीही दिसते. कारण बहुतेक वेळा एकच सांगितले जाते : ‘फार पिते.’

हा लेख त्या एका वाक्याविषयी आहे. गाडी किती पिते हे घेण्यापूर्वी कसे ओळखायचे, आणि आपल्या घराला ते परवडेल की नाही, हे कागद-पेन घेऊन कसे ठरवायचे, एवढाच त्याचा हेतू.

आधी हिशोब, मग गाडी

‘अॅव्हरेज किती देते?’ हा प्रश्न सगळे विचारतात. पण त्याच्या आधीचा प्रश्न कोणी विचारत नाही : वर्षात आपण ही गाडी किती किलोमीटर चालवणार?

घरातल्या सर्वांनी मिळून मागच्या दोन वर्षांतले मोठे प्रवास आठवून लिहावेत. टेंभुर्णी ते सोलापूर सुमारे ८५ किलोमीटर, पुणे सुमारे १६५, आणि गुलबर्गा जाऊन-येऊन साधारण ४००. अशी बेरीज करत गेले की बहुतेक घरांचा आकडा आपल्या अंदाजापेक्षा बराच कमी निघतो.

आता एक उदाहरण घेऊ. हिशोब सोपा व्हावा म्हणून डिझेल ९० रुपये लिटर धरू. समजा ४ लाख रुपयांची जुनी गाडी घेतली. वर्षाला तिची किंमत ४० हजारांनी उतरेल, विम्याला २० हजार जातील, आणि ऑइल, टायर, बॅटरी, किरकोळ दुरुस्ती यांना ३५ हजार. हे झाले ९५ हजार. गाडी दारात उभी असली तरी यातला मोठा भाग जाणारच आहे. गाडी लिटरला १० किलोमीटर चालत असेल तर डिझेलचा खर्च किलोमीटरला ९ रुपये.

वर्षात ६००० किलोमीटर चालवली, तर ९५ हजारांचे किलोमीटरला जवळपास १६ रुपये पडले. त्यात डिझेलचे ९ मिळवले की झाले २५. पण २००० किलोमीटरच चालवली, तर तोच खर्च किलोमीटरला साडेसत्तेचाळीस, आणि डिझेल धरून साडेछप्पन रुपये. आपल्या गावात ट्रॅव्हलर भाड्याने किलोमीटरला किती रुपयांत मिळते ते विचारा आणि हे आकडे शेजारी-शेजारी लिहा. अनेक घरांचे उत्तर तिथेच मिळेल. वर्षात तीनच प्रवास करणाऱ्या घराला गाडी विकत घेण्यापेक्षा भाड्याने घेणे स्वस्त पडते, मग तिचे अॅव्हरेज कितीही चांगले असो.

दुसरे, माणशी खर्च काढा. लिटरला १० चालणाऱ्या ट्रॅव्हलरमध्ये १२ माणसे बसून गुलबर्ग्याला जाऊन आली, तर ४० लिटर डिझेल, म्हणजे ३६०० रुपये, माणशी ३००. हीच माणसे लिटरला १५ चालणाऱ्या दोन लहान गाड्यांतून गेली तर डिझेलच ४८०० रुपयांचे, शिवाय टोल दुप्पट. पण त्या ट्रॅव्हलरमध्ये पाचच माणसे गेली तर माणशी ७२० रुपये पडतात. लहान गाडीत ४८०. म्हणून मोठी गाडी स्वस्त की महाग, हे इंजिनापेक्षा आपल्या घरातल्या माणसांवर अवलंबून आहे. भरून जाणार असाल तरच ती आपली.

अॅव्हरेजचा फसवा आकडा

वर्षाला ६००० किलोमीटर चालणारी गाडी ८ चे अॅव्हरेज देत असेल तर ७५० लिटर लागतात; १० चे दिले तर ६००. म्हणजे १५० लिटर वाचले, साडेतेरा हजार रुपये. पण १६ देणारी गाडी १८ देऊ लागली, तर ३७५ वरून ३३३ लिटर. वाचले फक्त ४२ लिटर, पावणेचार हजार रुपये. दोन्हीकडे वाढ दोन किलोमीटरचीच, पण बचतीत साडेतीन पटींचा फरक.

यातून दोन गोष्टी समजतात. जड गाडीच्या बाबतीत ८ आणि १० यांतला फरक क्षुल्लक मानू नये; तिथेच पैसा जातो. आणि लहान गाडीच्या बाबतीत १६ की १८ यासाठी लाखभर रुपये जास्त मोजू नयेत, ते वसूल व्हायला आयुष्य जाईल. समजा १० देणारी गाडी ४ लाखांना आहे आणि १३ देणारी ५ लाखांना. ६००० किलोमीटरला वर्षाची बचत सुमारे साडेबारा हजार. जास्तीचे एक लाख भरून यायला आठ वर्षे. तोवर जुन्या गाडीचे काय होईल, ते आपणच ठरवावे.

कोणती गाडी कशासाठी

वडीलधाऱ्यांना मॅटॅडोर आठवत असेल. पुण्याच्या आकुर्डीच्या बजाज टेम्पो कंपनीची ही गाडी वऱ्हाडापासून भाजीपर्यंत सगळे वाहून न्यायची. त्याच कंपनीने पुढे ट्रॅक्स आणि ट्रॅव्हलर आणली. २००५ मध्ये कंपनीचे नाव फोर्स मोटर्स झाले. आज झोपण्याची सोय करून घेण्यासाठी जी गाडी शोधली जाते ती बहुधा ट्रॅव्हलर किंवा टाटाची विंगर. दोन्हींत माणूस आत उभा राहू शकतो किंवा निदान वाकून चालू शकतो, हा मोठा फायदा. पण उंच आणि रुंद समोरची बाजू वाऱ्याला अडवते, म्हणून वेग वाढला की डिझेलही झपाट्याने वाढते.

मधल्या आकारात टवेरा, क्रूझर, बोलेरो, सुमो, क्वालिस, इनोव्हा. यांत बसायला आठ-नऊ माणसे मावतात, झोपायला दोनच, तेही सीट पाडून किंवा काढून. क्वालिस २००० मध्ये आली आणि काही वर्षांत तिची जागा इनोव्हाने घेतली. टवेरा बनवणाऱ्या जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतातली विक्री थांबवली. सुमोही २०१९ पासून बंद आहे. बंद झालेली गाडी वाईट नसते, स्वस्तही मिळते. पण घेण्यापूर्वी आपल्या गॅरेजवाल्याला विचारा की पार्ट टेंभुर्णीत किंवा सोलापुरात मिळतात की पुण्याहून मागवावे लागतात. इंजेक्टर किंवा पंप वेळेवर बदलला गेला नाही की अॅव्हरेज पडते, आणि पार्ट मिळत नसला की तो वेळेवर बदलला जात नाही.

लहान आकारात ओम्नी, इको आणि अर्टिगा. ओम्नीचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले. इको २०१० पासून आहे, आणि तिच्यात मागच्या सीट काढल्या की दोन माणसांचे अंथरूण सहज बसते. चार माणसांच्या घराला मुक्कामी फिरायचे असेल तर ट्रॅव्हलरपेक्षा इको आणि एक चांगला तंबू हा जास्त शहाणपणाचा सौदा आहे. इंधन कमी लागते आणि गल्लीत गाडी लावताही येते.

सीएनजीचा आकडा वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवा. पेट्रोल लिटरवर मिळते, सीएनजी किलोवर. एक किलो सीएनजीत एका लिटर पेट्रोलच्या जवळपास दीडपट ऊर्जा असते, म्हणून किलोचे अॅव्हरेज नेहमी जास्तच दिसते. तुलना किलोमीटरला किती रुपये पडतात यावर करावी. सीएनजीची टाकी दर तीन वर्षांनी दाबाची चाचणी करून घ्यावी लागते. त्या चाचणीचा दाखला मागा. कंपनीकडून बसवलेले किट नसेल तर ते आरसी बुकावर नोंदलेले आहे का ते पाहा. आणि टाकी मागे बसली की अंथरुणाची जागा जाते, हेही मोजून पाहा.

पेट्रोलच्या जुन्या गाडीला आता आणखी एक बाजू आहे. माढा-माळशिरसच्या उसापासून साखर होते तसे इथेनॉलही होते, आणि ते आता २० टक्क्यांपर्यंत पेट्रोलमध्ये मिसळले जाते. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात, बिनमिश्रणाच्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींचे अॅव्हरेज ६ ते ७ टक्क्यांनी घटेल असा अंदाज दिला होता. शिवाय फार जुन्या गाडीतले रबरी पाइप आणि सील यांवर त्याचा परिणाम होऊ शकतो. जुनी ओम्नी घेणार असाल तर इंधनाचे पाइप तपासून, गरज असल्यास बदलून घ्या. खर्च फार नसतो, पण गळकी पाइप धोक्याची.

पिणारे इंजिन कसे ओळखावे

गाडी पाहायला जाताना मालकाला आधीच सांगून ठेवा की इंजिन सुरू करून ठेवू नका. थंड इंजिन पहिल्या-दुसऱ्या सेल्फला सुरू व्हायला हवे. गरम इंजिन आपले दोष लपवते.

मग धूर पाहा. काळा धूर म्हणजे डिझेल पूर्ण जळत नाही. एअर फिल्टर तुंबलेला असेल किंवा इंजेक्टर खराब. हा दोष दुरुस्त होतो, आणि तो दुरुस्त झाला की अॅव्हरेज सुधारते. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. इंजिन उघडावे लागेल. इंजिन गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत असेल तर कूलंट आत जात असण्याची शक्यता धरावी. ऑइल टाकायचे झाकण सावकाश सैल करा. तिथून फकफक वाफ येत असेल तर पिस्टन-रिंगा झिजल्या आहेत.

आपल्या भागातली एक खास सवय आहे. सोलापूरच्या उन्हात इंजिन तापते म्हणून काही मेकॅनिक थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह काढूनच टाकतात. तापणे तात्पुरते थांबते, पण इंजिन आवश्यक तेवढे गरमच होत नाही आणि इंधन जास्त खाते. अर्धा तास चालवूनही तापमानाचा काटा खालीच राहिला तर हे विचारा. आणि इंजिन मुळात का तापत होते, हेही विचारा. बहुधा रेडिएटर तुंबलेला असतो.

चालवून पाहताना सरळ, सपाट रस्त्यावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडा. ती पटकन मंदावली तर ब्रेक धरून राहिला आहे किंवा बेअरिंग जड आहे. थांबल्यावर चारही चाकांजवळ हात न्या, रिमला लावू नका; एखादे चाक जास्त तापलेले वाटले तर दोष तिथेच. वरच्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी वेग घेत नाही, म्हणजे क्लच घसरतो आहे. टायर एका बाजूने झिजले असतील तर अलाइनमेंट गेलेले आहे. या प्रत्येक गोष्टीत डिझेल वाया जाते, आणि प्रत्येक गोष्ट किंमत कमी करून मागायला उपयोगी पडते.

किलोमीटरच्या आकड्यावर भरवसा ठेवू नका. तो मागे फिरवणे अवघड नाही. ब्रेक आणि क्लचच्या पेडलचे रबर, स्टिअरिंगची चकाकी, ड्रायव्हरच्या सीटची कड हे खरे सांगतात. जुनी रुग्णवाहिका किंवा शाळेची गाडी स्वस्त मिळते. पण रुग्णवाहिकेचे इंजिन बऱ्याचदा उभ्या जागी तासन्‌तास चालू राहिलेले असते, ते मीटरवर दिसत नाही. शाळेच्या गाडीचा क्लच आणि ब्रेक दर शंभर पावलांवर वापरलेला असतो.

गाडी कुठून आली तेही पाहा. मुंबई-कोकणातली असेल तर खालून चासीला गंज असतो. टॉर्च घेऊन वाकून बघा. कोल्हापूर-सांगलीकडची असेल तर २०१९ आणि २०२१ च्या पुरात ती पाण्यात होती का, हे शोधा. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून बघा. त्याच्या टोकाला वाळलेला गाळ असेल तर समजून जा.

आणि शेवटी खरी परीक्षा : टाकी ते टाकी. पंपावर नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरा, मीटर लिहून घ्या, टेंभुर्णीहून मोहोळपर्यंत जाऊन परत या, त्याच पंपावर तशीच टाकी भरा. चाललेले किलोमीटर भागिले भरलेले लिटर. मीटरचे किलोमीटर मोबाईलच्या नकाशाशी ताडून पाहा, कारण मोठे टायर बसवलेले असले की मीटर चुकीचा आकडा दाखवतो. डिझेलचे पैसे आपण द्यावेत. प्रामाणिक विक्रेता याला नाही म्हणत नाही. जो फारच आढेवेढे घेतो, त्याची गाडी सोडून दिलेली बरी. मालातला दोष न लपवणे हा व्यापाराचा धर्म आपल्याला लहानपणापासून शिकवलेला आहे. उद्या आपण हीच गाडी विकू तेव्हा तो आपल्यालाही लागू आहे.

कागद पक्के, मग पैसे

आरसीवर गाडी खासगी आहे की व्यावसायिक, हे आधी पाहा. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे ती खासगी, पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे ती व्यावसायिक. व्यावसायिक गाडी आठ वर्षांची झाली की तिला दरवर्षी फिटनेस करावे लागते. अशी गाडी घरगुती वापरासाठी घ्यायची तर परमिट रद्द करून, कराचा हिशोब मिटवून खासगीत बदल करून घ्यावा लागतो. ते काम मालकाने करून द्यायचे की आपण, हे किंमत ठरवतानाच ठरवा.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. १ एप्रिल २०२२ पासून हे शुल्क बरेच वाढले आहे, शिवाय महाराष्ट्रात पर्यावरण कर भरावा लागतो. चौदा वर्षांची गाडी स्वस्त का मिळते, याचे उत्तर पुष्कळदा इथे असते. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे का, तेही पाहा. अजमेरहून पुढे दिल्लीला जायचा विचार असेल तर जुन्या गाडीने निघण्यापूर्वी चौकशी करा. तिथे जुन्या डिझेल आणि पेट्रोल गाड्यांवर बंदीचे आदेश आहेत आणि त्यांचे नियम वेळोवेळी बदलत आले आहेत.

परिवहन खात्याच्या अॅपवर गाडीचा नंबर टाकला की विमा, फिटनेस, कर्जाचा बोजा आणि थकीत चलन यांची माहिती मिळते. बोजा असेल तर बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नका. नावावर करण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. एमएच-१३ सोलापूरची, एमएच-४५ अकलूजची. दुसऱ्या कार्यालयाची किंवा दुसऱ्या राज्याची गाडी असेल तर तिथली ना-हरकत लागते का, ते आधी विचारा. विमाही चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करण्याचा अर्ज द्यावा.

‘करू हो नंतर नावावर’ असे म्हणून गाडी घेण्याची आपल्याकडे वाईट सवय आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केले की, गाडी पुढे कितीही हातांत गेली असली तरी नोंदवहीत ज्याचे नाव आहे तोच मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याचीच. विकणाऱ्यालाही म्हणूनच हे काम टाळू देऊ नका. त्याच्याही मानेवर टांगती तलवार आहे.

चालवणाऱ्याचा परवाना पाहा. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितले की, हलक्या वाहनाचा परवाना असलेली व्यक्ती ७५०० किलोपर्यंतचे व्यावसायिक वाहनही चालवू शकते. ट्रॅव्हलर या मर्यादेत येते. पण कायद्याने चालवता येणे आणि लांब गाडी घाटात सांभाळता येणे यांत फरक आहे. घरातल्या तरुणाने आधी रिकामी गाडी घेऊन महिनाभर सराव करावा.

आतली सोय करताना

सीट काढून पलंग, ओटा, पाण्याची टाकी बसवण्याची घाई करू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, आरसीवरील नोंदींशी विसंगत ठरेल असा बदल मनाने करता येत नाही. आरटीओची परवानगी लागते. कॅराव्हॅनसाठी स्वतंत्र मानक आहे, आणि महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरणही आणले. पण गल्लीतल्या वेल्डरने केलेले काम त्या मानकात बसेलच असे नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी आधी हाच बदल दाखवते. घरगुती वापराला बरा मार्ग म्हणजे काढता-घालता येणारी सोय : घडीची गादी, पडदे, प्लास्टिकचे डबे, सीटच्या मध्ये टाकायची फळी. चालत्या गाडीत मात्र सगळे सीटवरच बसलेले हवेत. पलंगावर झोपलेल्या मुलाला ब्रेक लागला की धरायला काहीच नसते.

वजन हा इंधनाचा दुसरा शत्रू. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. वजूला, प्यायला, भांड्यांना म्हणून १०० लिटरची टाकी भरून निघालो तर दीड माणूस फुकट वाहून नेतो आहोत. वीस लिटरचे दोन कॅन पुरतात. वाटेत पंप आहेत, मशिदी आहेत, भरून घेता येतात. टपावरच्या कॅरिअरला सामान बांधणे तर सर्वांत महाग. रिकामे कॅरिअरही वारा अडवते. गरज नसताना काढून ठेवावे.

रात्री मुक्कामाला इंजिन आणि एसी चालू ठेवून बंद गाडीत झोपणे जिवावर बेतते. सायलेन्सरची गळती दिसत नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेला माणूस उठत नाही. जुन्या गाडीत हा धोका अधिक. काचा थोड्या उघड्या, जाळी लावलेल्या, इंजिन बंद. स्वयंपाक गाडीच्या बाहेर, मोकळ्या हवेत. गॅसची शेगडी आत पेटवू नये, चहापुरतीही नाही.

गाडी तीच, डिझेल कमी

वारा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात अडवतो. ८० च्या ऐवजी १०० ने गेलात तर वाऱ्याचा अडथळा दीडपटीहून जास्त होतो. टेंभुर्णी ते सोलापूरच्या ८५ किलोमीटरमध्ये वाचतात फक्त तेरा मिनिटे. उंच गाडीला ७० ते ८० चा वेग सर्वांत मानवतो. उसाच्या हंगामात तर रात्री वेग नकोच. मागे दिवा नसलेली ट्रॉली दिसते तेव्हा उशीर झालेला असतो.

हवा दर पंधरा दिवसांनी, टायर थंड असताना, दाराच्या चौकटीवर किंवा पुस्तिकेत लिहिलेल्या आकड्याप्रमाणे भरा. एअर फिल्टर आपल्या धुळीत लवकर तुंबतो. कंपनीने सांगितलेल्या मुदतीच्या आधीच बघत चला. गाडीत एक छोटी वही ठेवा : तारीख, मीटर, लिटर, रुपये. घरातल्या एखाद्या मुलीला किंवा मुलाला हे काम द्या. अॅव्हरेज एकाएकी घसरले की तीच वही सर्वांत आधी सांगेल की काहीतरी बिघडले आहे.

भावांची सामाईक गाडी

मोठी गाडी बहुधा एकट्याची नसते. दोन भाऊ, मेहुणा, कधी काका असे मिळून घेतात. आरसीवर नाव मात्र एकाचेच असते. अशा वेळी कोणी किती दिले, डिझेल कोणी भरायचे, टायर कोणाच्या खर्चाने, पोलिसांचे चलन कोणावर, गाडी मोडली किंवा विकली तर पैसे कसे वाटायचे, हे एका कागदावर लिहून सर्वांनी सही करावी. लिहून ठेवणे म्हणजे अविश्वास नव्हे. व्यवहार लिहा ही तर आपल्याला दिलेली शिकवणच आहे. आरसीवर वारसदाराचे नाव नोंदवण्याची सोय २०२१ पासून आहे, ती करून घ्यावी. मालकाचा इंतकाल झाला तर वारसाने ३० दिवसांत आरटीओला कळवावे आणि तीन महिन्यांत गाडी नावावर करण्याचा अर्ज द्यावा, असा नियम आहे.

व्याजाचे कर्ज टाळायचे म्हणून अनेक घरे रोखीने गाडी घेतात. चांगले आहे. पण मग सगळी जमा रक्कम गाडीत घालू नये. पाच लाख साठले असतील तर चार लाखांचीच गाडी बघा, एक लाख बाजूला ठेवा. जुनी गाडी पहिल्या सहा महिन्यांत काही ना काही मागतेच : टायर, बॅटरी, क्लच. तेव्हा पैसे नसले तर दुरुस्ती लांबते, अॅव्हरेज पडते, आणि मग ‘फार पिते’ म्हणून ती दारात उभी राहते. मुलीच्या शिक्षणाचे किंवा अम्मीच्या औषधपाण्याचे पैसे तर या हिशोबात धरूच नयेत.

निर्णय घेताना घरातल्या बायकांना आणि वडीलधाऱ्यांना सोबत घेऊन गाडी पाहा. दादीला पायरी चढता येते का, मागच्या सीटवर गुडघ्याला जागा आहे का, लहान मुलाला घेऊन बसलेल्या सुनेला वारा येतो का, या गोष्टी गाडी पाहायला आलेल्या पुरुषांच्या घोळक्याला दिसत नाहीत. ज्यांच्या आरामासाठी गाडी घ्यायची, त्यांना ती नकोशी झाली तर लिटरला वीस देणारी गाडीही महागच पडते. आणि सर्व बघून, हिशोब मांडून, ‘आपल्याला नको, भाड्याने घेऊ’ असे ठरले, तर तेही मनाला लावून घेऊ नये. तो निर्णयही घराच्या भल्याचाच आहे.